माथियास गालास : ‘फौजबुडव्या’ सेनापतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावर (१६१८–१६४८) काही लिहिलं की वाचक सम्राटाचा सरसेनापती वालेनश्टाइन आणि स्वीडनचा राजा गुस्ताव आडॉल्फ यांच्यावर भरभरून बोलतात. त्यात कुणीतरी हमखास गालासचं नाव काढतं, बहुधा शिवी दिल्यासारखं. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, त्या त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हा गालास कोण? नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

हॅब्सबर्ग घराण्यातल्या पवित्र रोमन (म्हणजे मुख्यतः जर्मन मुलुखाच्या) सम्राटाचा सेनापती. जन्म ट्रेन्टोचा, १५८८ चा (जुन्या पुस्तकांत १५८४ सापडतं). मृत्यू २५ एप्रिल १६४७ रोजी व्हिएन्नात, म्हणजे युद्ध संपायला दीड वर्ष उरलं असताना. तरुणपणी तो फ्लँडर्समध्ये होता, पुढे कॅथलिक लीगच्या (जर्मन कॅथलिक संस्थानिकांच्या आघाडीच्या) फौजेत आला आणि १६२९ च्या सुमारास थेट सम्राटाच्या चाकरीत शिरला. १६३३ मध्ये त्याला ‘जनरल-लेफ्टनंट’ हा हुद्दा मिळाला. त्याच्या वर फक्त वालेनश्टाइन. वालेनश्टाइनचा काटा निघाल्यावर फौजेचा प्रत्यक्ष कारभार गालासच्याच हातात आला.

२. युद्ध कशावरून पेटलं होतं? दोन ओळींत सांगा.

बोहेमियातल्या (आजचा चेकिया) प्रोटेस्टंट सरदारांनी १६१८ मध्ये कॅथलिक हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध बंड केलं, तिथून सुरुवात झाली. मग डेन्मार्क, स्वीडन आणि शेवटी फ्रान्स उतरला. फ्रान्स स्वतः कॅथलिक, तरी लढला प्रोटेस्टंटांच्या बाजूने, त्यामुळे याला निव्वळ धर्मयुद्ध म्हणता येत नाही. रणभूमी मात्र बहुतेक काळ जर्मन मुलुखाचीच राहिली, आणि गालासच्या कहाणीत तीच बाब कळीची आहे.

३. नाव इटालियन वाटतं. मग जर्मन सम्राटाकडे हा कसा?

ट्रेन्टो तेव्हा पवित्र रोमन साम्राज्यातच होतं, पण भाषा इटालियन. माथियास गालासला मात्तेओ गालास्सो असंही लिहितात, ते याचमुळे. सम्राटाच्या फौजेत अशी माणसं बरीच होती: कोल्लाल्तो, पिकोलोमिनी, पुढे मोंतेकुक्कोली. त्याशिवाय स्कॉटिश, आयरिश, क्रोएशियन. त्या काळात कर्नल होणं हा धंदा होता. रेजिमेंट उभारायची, तिच्यात स्वतःचे पैसे घालायचे आणि युद्धातून ते वसूल करायचे. कुणाचा मुलूख कुठला हे त्यात गौण होतं.

४. त्याला ‘फौजबुडव्या’ का म्हणतात?

कारण त्याच्या हाताखालच्या फौजा चार वेळा डोळ्यांदेखत वितळल्या. १६३५ मध्ये लोरेनमध्ये, १६३६ मध्ये बर्गंडीत, १६३७–३८ मध्ये पोमेरेनियात आणि १६४४ मध्ये होल्स्टाइनहून परत येताना. या चारांपैकी एकाही मोहिमेत तो मोठ्या मैदानी लढाईत हरला नव्हता. माणसं भुकेने, रोगाने, थंडीने मेली किंवा पळून गेली. म्हणूनच हे नाव जास्त झोंबतं. हरलेल्या सेनापतीला निदान कुणी तरी हरवलेलं असतं!

१६३५ चं प्रकरण प्रश्न ५ मध्ये, १६३६ चं प्रश्न ८ मध्ये, १६३७–३८ चं प्रश्न ९ मध्ये आणि १६४४ चं प्रश्न १० मध्ये आहे. चारही एकाच मापाने मोजू नयेत, असं माझं मत आहे.

५. लढाई न हरता अख्खी फौज बुडते कशी? हे पटत नाही.

हिशेब मांडून पाहा. शिपायाला दिवसाला साधारण किलोभर पाव द्यायचा, असा ठरलेला शिधा होता. वर अर्धा किलो मांस आणि बिअर किंवा वाइन. म्हणजे २०,००० शिपायांना रोज २०,००० किलो पाव लागणार. त्यासाठी धान्य हवं, दळायला गिरण्या हव्यात, भाजायला भट्ट्या, भट्ट्यांना सरपण, आणि हे सगळं वाहायला गाड्या नाहीतर नदी. शिवाय छावणीबरोबर बायका, पोरं, नोकर, बाजारकरी यांचा मोठा लवाजमा असायचा. त्यांची पोटं सरकारी हिशेबात नसली तरी धान्य त्याच मुलुखातलं खायची. घोड्यांचा दाणावैरण वेगळाच. वैरण संपली की आधी घोडे मरतात, घोडे मेले की गाड्या अडतात, आणि गाड्या अडल्या की आणायचा पावही येत नाही.

वालेनश्टाइनने यावर तोड काढली होती. ज्या मुलुखात फौज, त्या मुलुखाकडून शिस्तीत खंडणी वसूल करायची. अँटवर्पहून प्रागला आलेला सावकार हान्स दे वित्ते त्या खंडणीच्या भरवशावर आगाऊ पैसा उभा करायचा. आणि वालेनश्टाइनच्या स्वतःच्या फ्रीडलांट जहागिरीतून पीठ, जोडे, कापड, दारूगोळा यायचा. १६३० मध्ये वालेनश्टाइनला पहिल्यांदा बडतर्फ केलं, तेव्हा दे वित्तेचं दिवाळं निघालं आणि त्याने जीव दिला. १६३४ मध्ये वालेनश्टाइन मारला गेला आणि उरलेली घडीही विस्कटली. गंमत अशी, की फ्रीडलांटची जहागीर पुढे गालासलाच मिळाली. पण ती वालेनश्टाइनच्या सबंध संस्थानातला एक तुकडा होती. जिच्यातून फौज पोसली जायची ती व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही.

त्यात १६३५ पर्यंत ऱ्हाइनकाठचा मुलूख सगळ्यांनीच ओरबाडून झाला होता. त्या शरदात गालासने लोरेनमध्ये दिएझजवळ खंदक खणून तळ दिला. समोर फ्रेंच फौज, तीही अर्धपोटी. दोघंही वाट पाहत बसले, समोरचा आधी उपाशी मरतो का याची. मग थंडी आली, पाठोपाठ साथ आली. गालास उरलीसुरली माणसं घेऊन आल्सेसमध्ये झाबर्नकडे हटला. वाटेत मेलेल्या घोड्यांवर आणि माणसांवर शत्रूची एक गोळीही खर्च झाली नव्हती. या मोहिमेचं खापर एकट्या गालासवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. व्हिएन्नाने त्याला फ्रान्सवर चालून जायला सांगितलं खरं, पण जाताना त्याने खायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

६. वालेनश्टाइनचा खून त्यानेच केला ना?

हातांनी नाही. पण हात वरही करता येणार नाहीत.

१२ जानेवारी १६३४ रोजी पिल्झेनच्या तळावर वालेनश्टाइनच्या अधिकाऱ्यांनी त्याला साथ देण्याचा लेखी शब्द दिला. व्हिएन्नाने याचा अर्थ बंडाची तयारी असाच घेतला. २४ जानेवारीला सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने गुप्त फर्मान काढलं: अधिकाऱ्यांनी वालेनश्टाइनचं ऐकायचं बंधन आता नाही, तूर्त गालासचा हुकूम चालेल. हे फर्मान माहीत असतानाही गालास काही दिवस पिल्झेनमध्येच, वालेनश्टाइनच्या सहवासात होता. धन्याशी रोज बोलायचं आणि त्याला काढून टाकल्याचा हुकूम मनात ठेवायचा, हे काम कच्च्या काळजाच्या माणसाचं नाही.

तिथून निसटायची वाट वालेनश्टाइननेच करून दिली. आल्ड्रिंगन नावाचा सेनापती बोलावूनही येत नव्हता, त्याला घेऊन ये म्हणून त्याने फेब्रुवारीच्या मध्यावर गालासला पाठवलं. हा आल्ड्रिंगन गालासचा साडू. दोघांच्या बायका आर्को घराण्यातल्या सख्ख्या बहिणी. गालास गेला तो परतलाच नाही. उलट वालेनश्टाइन आणि त्याच्या जवळच्या साथीदारांचा कोणताही हुकूम पाळू नये, असे आदेश त्याने रेजिमेंटांना धाडले. एकेक रेजिमेंट सरकत गेली आणि वालेनश्टाइन थोडक्या माणसांनिशी एगरला (आजचं हेब, चेकिया) पोचला. २५ फेब्रुवारीच्या रात्री बटलर, गॉर्डन आणि लेस्ली या तीन अधिकाऱ्यांनी रचलेल्या कटात तो आणि त्याची माणसं मारली गेली. गालास तिथे नव्हता.

बक्षिसं मात्र सगळ्यांना मिळाली. पिकोलोमिनीला नाखोद, लेस्लीला नोवे मेस्तो, गालासला फ्रीडलांट आणि राइखेनबर्ग (आजचं लिबेरेत्स). पुढच्या पिढ्यांना ‘धन्याच्या जहागिरीवर बसलेला माणूस’ दिसत राहिला तो यामुळे. त्याच्या बदनामीची अर्धी मुळं मला रणांगणापेक्षा या वाटपात दिसतात.

७. नर्डलिंगनचा विजय त्याचा होता की नव्हता?

६ सप्टेंबर १६३४ च्या नर्डलिंगनच्या लढाईत सम्राटाच्या आणि स्पेनच्या संयुक्त फौजेने स्वीडन आणि त्याच्या जर्मन मित्रांची फौज पार मोडली. स्वीडिश सेनापती गुस्ताफ हॉर्न पकडला गेला, त्याचा जर्मन साथीदार, वायमारचा बर्नहार्ड, निसटला. दक्षिण जर्मनीतली स्वीडनची सत्ता त्या दिवसानंतर पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही.

नावाला सेनापती दोन राजपुत्र होते, दोघांचंही नाव फर्डिनांड. एक सम्राटाचा मुलगा, दुसरा स्पेनच्या राजाचा भाऊ. सम्राटाच्या बाजूचा अनुभवी माणूस गालास. आल्बुख टेकडीवर स्पॅनिश पायदळाने एकामागून एक हल्ले परतवले, तिथे लढाईचा निकाल लागला. त्यामुळे स्पॅनिश लेखकांनी श्रेय आपल्याकडे घेतलं, दरबाराने राजपुत्रांना दिलं आणि रुबेन्सने चित्र काढलं तेही या दोन आते-मामे भावांच्या भेटीचं. गालासच्या वाट्याला फार थोडं आलं.

माझं मत विचाराल तर विजय एकट्या त्याचा नव्हे. पण दोन देशांच्या फौजा एकत्र आणणं, दोन्ही राजपुत्रांचा मान राखणं आणि घाई न करता मोक्याची जागा धरून शत्रूला अंगावर येऊ देणं, यात त्याचा हात नक्की होता. तो असाच चांगला होता, दुसऱ्या क्रमांकावर.

८. १६३६ मध्ये एका चिमुकल्या गावाने त्याला परतवलं, हे खरं का?

खरं. गावाचं नाव सँ-जाँ-द-लोन, बर्गंडीत सोन नदीच्या काठी. गालास मोठी फौज घेऊन फ्रान्समध्ये शिरला तोच मुळी उशिरा, शरदात. २५ ऑक्टोबरला त्याने वेढा घातला. आत किरकोळ शिबंदी आणि हातात मिळेल ते घेऊन उभे राहिलेले गावकरी. तोफांनी तटाला खिंडार पाडलं, हल्ले झाले, ते परतवले गेले. पाऊस थांबेना, सोन चढली, खंदकांत पाणी भरलं. मग योसियास रांत्साऊ मदतीची फ्रेंच फौज घेऊन गावात शिरला आणि ३ नोव्हेंबरला वेढा उठला. चिखलात तोफा, गाड्या आणि माणसं मागे टाकत गालास माघारी गेला.

फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने गावाला करमाफी दिली, आणि वेढ्याची आठवण तिथे आजही अभिमानाने सांगतात. तिकडे गालास फ्रेंच माणसांच्या तोंडी चेष्टेचा विषय झाला. इथे मी त्याची बाजू घेणार नाही. उपासमार समजू शकतो, पण ऑक्टोबर संपत आलेला असताना पुराच्या नदीकाठी वेढा मांडून बसायची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती.

९. बानेर हातात सापडून निसटला, ती काय भानगड?

१६३७ च्या उन्हाळ्यात स्वीडिश सेनापती योहान बानेर सॅक्सनीतलं टोर्गाऊ सोडून उत्तरेला, समुद्राकडे निघाला. गालासने वेगाने कूच करून त्याला लांट्सबर्गपाशी गाठलं. पुढे सम्राटाची फौज, बाजूला पोलंडची सरहद्द. बानेरने हूल दिली. आपली बायको आणि सामानसुमान पोलंडच्या दिशेने पाठवलं, असं सांगतात. सम्राटाच्या लोकांना वाटलं तो तिकडेच निघाला. तो मात्र उलट फिरून ओडर नदी पार करून पोमेरेनियात गेला.

इथवर लोकांना पाठ असतं. पुढचं फार कमी लोक विचारतात. गालासने पाठलाग करून त्या वर्षाअखेर पोमेरेनियाचा बराचसा भाग घेतला आणि स्वीडिशांना किनाऱ्यालगतच्या पट्टीत कोंडलं. नकाशावर पाहिलं तर तो जिंकत होता. पण ज्या पोमेरेनियात तो थांबला तिथे खायला काही उरलेलं नव्हतं, आणि बानेरच्या पाठीशी समुद्र होता. १६३८ मध्ये स्वीडनहून ताज्या दमाचे सुमारे १४,००० लोक जहाजांनी उतरले. गालासकडे तेवढ्याच वेळात माणसं कमी होत होती. वर्षाअखेर त्याला सिलेशिया-बोहेमियाकडे हटावं लागलं आणि १६३९ मध्ये बानेर त्याच्या मागोमाग प्रागच्या वेशीपर्यंत आला. गालासला बाजूला करून आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्मला नेमलं ते तेव्हा.

१०. १६४४ चं अपयश सगळ्यात वाईट मानतात. का?

कारण या वेळी भूकही त्याने स्वतःच ओढवून घेतली.

स्वीडिश सेनापती लेनार्ट टोर्स्टेनसन १६४३ च्या डिसेंबरात अचानक डेन्मार्कवर घसरला. डॅनिश राजाच्या मदतीला गालासला उत्तरेत पाठवलं. बेत चांगला होता, टोर्स्टेनसनला युटलंडच्या द्वीपकल्पात कोंडायचं. गालास कीलपर्यंत पोचला आणि टोर्स्टेनसन त्याच्या बाजूने सरळ निघून गेला. मग उलटंच झालं. माघारी फिरलेल्या गालासला टोर्स्टेनसनने आधी ‘झाले’ नावाच्या नदीवर बेर्नबुर्गला आणि मग माग्डेबुर्गला अडकवलं. मुलूख रिकामा, वाटा बंद. नोव्हेंबरात घोडदळाने कोंडी फोडायचा प्रयत्न केला, ते युटरबोगजवळ कापलं गेलं. गालास बोहेमियात परतला तेव्हा त्या फौजेतला लहानसा तुकडाच त्याच्याबरोबर उरला होता.

१६३५ ला तो व्हिएन्नाच्या हुकमाने उपाशी राहिला असं म्हणता येतं. १६४४ ला समोरचा त्याच्यापेक्षा जलद आणि धूर्त होता, आणि गालास प्रत्येक वळणावर एक पाऊल मागे राहिला. ‘फौजबुडव्या’ हे नाव याच एका मोहिमेसाठी दिलं असतं तर मला हरकत नव्हती.

११. तो दारुडा होता म्हणतात.

पीत होता, आणि बरंच पीत होता. तशा तक्रारी त्याच्या हयातीतच झाल्या. त्याला संधिवाताचा त्रासही होता, शेवटची वर्षं तर तो सतत आजारी असायचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. टोर्स्टेनसनही संधिवाताने इतका जखडलेला होता की त्याला डोलीतून न्यावं लागे. जिंकला म्हणून त्याची डोली जिद्दीची खूण ठरली. गालास हरला म्हणून त्याचा पेला पुढे आला. बानेरही पिण्यात कमी नव्हता.

१२. इतका नालायक होता तर सम्राटाने त्याला पुन्हा पुन्हा का बोलावलं?

१६४२ मध्ये ब्राइटेनफेल्डची दुसरी लढाई हरल्यावर लिओपोल्ड विल्हेल्म आणि पिकोलोमिनी दूर झाले, म्हणून १६४३ मध्ये गालास परत आला. १६४४ नंतर त्याला काढलं. ६ मार्च १६४५ ला यांकाऊच्या लढाईत त्याच्या जागी आलेला हात्सफेल्ट कैद झाला, फौज उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा गालासचंच दार ठोठावलं. माणसंच उरली नव्हती, हे एक कारण.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १६३४ नंतर सम्राटाला पराक्रमी सेनापतीची भीती बसली होती. गालास कधी उलटणार नाही, याची खात्री होती. शिवाय मोडलेली फौज पुन्हा उभी करणं, रागावलेल्या कर्नलांना थोपवणं, दरबार आणि छावणी यांच्यात मध्यस्थी करणं, हे त्याला जमायचं. १६३१ मध्ये उत्तर इटलीतलं मांतुआचं युद्ध मिटवणारा केरास्कोचा तह झाला तेव्हा सम्राटाच्या वतीने बोलणी करायला तोच होता. समोर पोपचा माणूस म्हणून मध्यस्थी करत होता तरुण माझारिन, पुढे जो फ्रान्सचा कारभारी झाला.

१३. मांतुआच्या लुटीत त्याचा हात होता का?

होता. १८ जुलै १६३० रोजी सम्राटाच्या फौजेने उत्तर इटलीतलं मांतुआ घेतलं आणि लुटलं. वरचा सेनापती कोल्लाल्तो आजारी होता, प्रत्यक्ष कामगिरी आल्ड्रिंगन आणि गालासची. तिथल्या सत्ताधारी गोंझागा घराण्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेली चित्रं, पुस्तकं, मौल्यवान वस्तू यांची वाताहत झाली. त्यातला उत्तम भाग काही वर्षं आधी इंग्लंडच्या राजाला विकला गेला होता, म्हणून तेवढा वाचला. गालासच्या श्रीमंतीची सुरुवात इथूनच. जर्मन लेखक त्याला फौज बुडवल्याबद्दल दोष देतात. इटलीत त्याचं नाव निघालं तर आधी मांतुआ आठवलं जावं, हे रास्तच आहे.

१४. मग बदनामी केली कुणी? आजचे इतिहासकार काय म्हणतात?

शत्रूंनी केली, हे उघड. पण सोबत्यांनीही केली. सम्राटाच्या सेनापतींत हेवेदावे भयंकर होते आणि दुसऱ्याच्या पराभवाची पत्रं दरबारात आधी पोचवायची चढाओढ असायची. पुढे १७९९ मध्ये जर्मन नाटककार शिलरची वालेनश्टाइनवरची नाटकं पूर्ण झाली. तिथे विश्वासघाताचा चेहरा पिकोलोमिनीचा आहे, गालास मागे राहतो. म्हणजे खलनायकाचं मोठेपणही त्याला मिळालं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन इतिहासकारांना वालेनश्टाइन भव्य हवा होता, त्याच्या जागी आलेला माणूस लहान दाखवणं सोयीचं होतं.

गेल्या काही दशकांत चित्र बदललं आहे. छावण्यांचे हिशेब आणि पत्रव्यवहार वाचणारे अभ्यासक त्याला महान ठरवत नाहीत. पण पैसा आणि धान्य न देता मोहिमा लादणाऱ्या व्यवस्थेचा वाटा वेगळा काढतात. मी त्यांच्या बाजूचा आहे, प्रश्न ८ आणि १० वगळून.

१५. ल्युत्सेनच्या लढाईत (१६३२) तो कुठे होता?

मैदानात नव्हता. त्या लढाईतला तो सेनापती, जो पोचला आणि प्राणघातक जखमी झाला, तो पापेनहाइम. या दोघांची गल्लत फार होते.

१६. प्रागमधला क्लाम-गालास महाल याचाच का?

नाही, वंशजाचा. यान वेन्सेल गालासने तो अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधायला काढला, आराखडा फिशर फॉन एर्लाखचा. घराण्याची पुरुषशाखा १७५७ मध्ये संपली, मालमत्ता क्लाम घराण्याकडे गेली आणि जोडनाव तयार झालं. माथियासच्या हातातली खरी वास्तू पाहायची तर उत्तर बोहेमियातला फ्रीडलांटचा किल्ला. क्लाम-गालास घराण्याने १८०१ मध्येच तो लोकांना पाहायला खुला केला. पाहायला येणारे मुख्यतः वालेनश्टाइनसाठीच येत.